बालवर्गापासून पदवीपर्यंत : कॅलामाझूचे 'वचन'

अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉईट आणि शिकागो या महानगरांच्या दरम्यान कॅलामाझू हे सुमारे पाऊण लाख वस्तीचे शहर आहे. येथील सार्वजनिक शाळेच्या बालवर्गात मुलाचे नाव घालताना पालकांना एक गोष्ट ठाऊक असते. मुलाने बारावीपर्यंतचे शिक्षण याच शाळांतून पूर्ण केले, तर राज्यातील सार्वजनिक विद्यापीठात त्याचे शिक्षणशुल्क भरावे लागणार नाही. 'कॅलामाझू प्रॉमिस' या नावाने ओळखली जाणारी ही योजना १० नोव्हेंबर २००५ रोजी शिक्षण मंडळाच्या सभेत तत्कालीन अधीक्षक जॅनिस ब्राऊन यांनी जाहीर केली. तिचा खर्च उचलणाऱ्या दात्यांनी आपली नावे जाहीर केलेली नाहीत.

करातून माध्यमिक शाळा

अमेरिकेत सार्वजनिक शाळांचा कारभार बहुतेक ठिकाणी 'स्कूल डिस्ट्रिक्ट' ही स्वतंत्र स्थानिक संस्था पाहते. तिचे मंडळ सामान्यतः मतदारांनी निवडलेले असते आणि तिचा खर्च स्थानिक कर व सरकारी अनुदान यांतून भागतो. या व्यवस्थेच्या इतिहासात कॅलामाझूचे नाव जुने आहे. प्राथमिक शिक्षणापलीकडच्या शाळेसाठी नागरिकांकडून कर घ्यावा काय, असा वाद येथील काही करदात्यांनी न्यायालयात नेला होता. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७४ साली डिस्ट्रिक्टच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती थॉमस कूली यांनी लिहिलेला हा निकाल सार्वजनिक माध्यमिक शाळांच्या प्रसाराला आधारभूत ठरला. पुढे १३१ वर्षांनी त्याच शहरात महाविद्यालयीन शिक्षणाचे दारही सर्वांसाठी उघडले. फरक इतकाच, की या वेळी पैसा करातून नव्हे, तर देणगीतून आला.

जितकी वर्षे, तितकी टक्केवारी

अन्य बहुतेक शिष्यवृत्त्यांप्रमाणे या योजनेत गुणांची किंवा उत्पन्नाची अट नाही. डिस्ट्रिक्टच्या हद्दीत वास्तव्य, तेथील शाळेत सलग शिक्षण आणि शालेय शिक्षण पूर्ण करणे एवढे पुरेसे असते. बालवर्गापासून शिकलेल्या विद्यार्थ्याला १०० टक्के शुल्क मिळते. पहिली ते तिसरीत प्रवेश घेणाऱ्यास ९५ टक्के, सहावीत आलेल्यास ८० टक्के, तर नववीत आलेल्यास ६५ टक्के. दहावीत किंवा त्यानंतर दाखल झालेल्याला काहीही मिळत नाही. शाळा सुटल्यापासून दहा वर्षांच्या आत या सवलतीचा उपयोग करता येतो. महाविद्यालयात मात्र प्रगती समाधानकारक असावी लागते आणि चारपैकी किमान २ गुणांक राखावा लागतो. प्रारंभी केवळ सार्वजनिक विद्यापीठे व कम्युनिटी कॉलेजे यांपुरती असलेली ही सोय २०१५ च्या तुकडीपासून मिशिगनमधील अनेक खासगी महाविद्यालयांनाही लागू झाली.

शाळेतील वाटा

महाविद्यालयाचे शुल्क भरले गेले, तरी तेथे टिकण्याची तयारी शाळेतच व्हावी लागते. कॅलामाझूच्या शाळांत पूर्ण दिवसाचा बालवर्ग आहे. प्राथमिक स्तरावर माँटेसरी पद्धतीची आणि इंग्रजी-स्पॅनिश अशा दोन भाषांतून शिकवणारीही शाळा आहे. उच्च माध्यमिक स्तरावर 'ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट' हे महाविद्यालयीन पातळीचे विषय घेता येतात. १९८६ साली सुरू झालेल्या गणित व विज्ञान केंद्रात परिसरातील निवडक विद्यार्थी दिवसाचा अर्धा वेळ शिकतात आणि उरलेला वेळ आपल्या मूळ शाळेत घालवतात. पदवीकडे न वळणाऱ्यांसाठी जिल्हास्तरीय व्यवसाय शिक्षणाचे वर्गही आहेत. येथील बहुसंख्य विद्यार्थी अल्प उत्पन्न गटातील असून ते मोफत वा सवलतीच्या भोजनास पात्र ठरतात, ही बाब लक्षात घेतली तर या पूर्वतयारीचे महत्त्व कळते.

परिणाम

योजनेपूर्वी कित्येक वर्षे शाळांची पटसंख्या घटत होती. घोषणेनंतरच्या पहिल्याच वर्षी ती सुमारे एक हजाराने वाढली. मिशिगनमध्ये राज्याचे अनुदान विद्यार्थिसंख्येवर अवलंबून असल्याने शाळांचे उत्पन्नही वाढले. अर्थतज्ज्ञ टिमोथी बार्टिक, ब्रॅड हर्शबाइन आणि मार्टा लाचोव्हस्का यांच्या अभ्यासानुसार, शाळा सुटल्यावर सहा वर्षांत पदवी किंवा अन्य प्रमाणपत्र मिळवणाऱ्यांचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वाढले. ७ जून २०१० रोजी कॅलामाझू सेंट्रल हायस्कूलच्या पदवीदान समारंभाला तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा उपस्थित होते. आर्कान्सामधील एल डोरॅडो येथे २००७ साली मर्फी ऑईल कंपनीच्या ५ कोटी डॉलरच्या देणगीतून अशीच योजना उभी राहिली आणि पुढे अनेक शहरांनी हा कित्ता गिरवला.

उणिवा

शुल्क भरले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र येथील अनुभव सांगत नाही. मूळ रचनेत निवास, भोजन आणि पुस्तके यांचा खर्च धरलेला नव्हता. घरभाडे परवडत नाही म्हणून सतत जागा बदलणाऱ्या कुटुंबातील मूल डिस्ट्रिक्टबाहेर गेले, की त्याचा हक्क घटतो किंवा संपतो. म्हणजे ज्याला आधाराची गरज अधिक, त्याच्याच हाती तो कमी पडण्याचा धोका आहे. याच संशोधकांना आणखी एक विसंगती आढळली. पदवीपर्यंत पोहोचण्याच्या प्रमाणात मुलींची मोठी प्रगती झाली, मुलांच्या बाबतीत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. सर्वांना सारखीच रक्कम देऊ केली असताना तिचा उपयोग सारखा का झाला नाही, याचे निर्विवाद उत्तर अद्याप मिळालेले नाही.

तरीही या योजनेचे एक वैशिष्ट्य कायम आहे. शिष्यवृत्ती सहसा शालान्त परीक्षेनंतर, यशस्वी ठरलेल्यांना मिळते. कॅलामाझूत ती पाच वर्षांच्या मुलाला, त्याने काही सिद्ध करण्यापूर्वीच देऊ केली जाते. ते वचन प्रत्यक्षात येईपर्यंतची तेरा वर्षे कशी जातात, यावर अखेर तिचे यशापयश ठरते. ही जबाबदारी दात्यांची नसून शाळेची, घराची आणि शहराची आहे.