वंशावळीतलं कोरं पान

माझ्या लहानपणी आमच्या घरी टांगा होता. आजोबा तो स्टेशनपासून बाजारपेठेपर्यंत चालवत. घोडा थकला तेव्हा त्याला आठवड्याच्या बाजारात नेऊन विकलं. हातात एक पावती आली. तिच्यावर घोड्याचा रंग होता, किंमत होती. घेणारा कुठला, घोडा कुठं चालला, यातलं काही नव्हतं. दादी पुढं कितीतरी वर्षं मधेच विचारायची, “त्याचं काय झालं असेल?” आजोबा उत्तर देत नसत. उठून बाहेर जात.

आमचा घोडा साधा, बिनकुळाचा. त्याचा माग कोण ठेवणार, असं मी स्वतःला समजावत असे. पण पुढं शर्यतीच्या घोड्यांचा इतिहास वाचला आणि दादीचा प्रश्न तिथंही भेटला. ज्यांच्या कुळाची नोंद तीनशे वर्षांपर्यंत मागं जाते, त्यांच्याबाबतीतही.

शर्यतीच्या या जातिवंत घोड्यांना थरोब्रेड म्हणतात. ही जात इंग्लंडमध्ये घडली, पण तिचे मूळपुरुष पूर्वेकडचे. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन हे ते तीन घोडे. त्यातला डार्ली अरेबियन हा सीरियातल्या अलेप्पोचा, म्हणजे अरबीतल्या हलबचा. तिथं व्यापार करणाऱ्या थॉमस डार्लीनं १७०४ साली तो इंग्लंडला आपल्या घरी, यॉर्कशरला धाडला. त्याआधी भावाला लिहिलेल्या पत्रात त्यानं घोड्याचं वय सांगितलं आणि त्याचं अरबी कूळही. अरबांकडे घोड्याच्या कुळाला मोठा मान. आमच्याकडे माणसांचा जसा शजरा, म्हणजे वंशवृक्ष, जपतात, तसाच ते घोड्यांचा जपत. आज जगभर धावणाऱ्या बहुतेक थरोब्रेड घोड्यांची बापाकडची परंपरा या हलबच्या घोड्यापर्यंत जाऊन पोहोचते.

पुढं शर्यतीत पैसा आला आणि पैशामागून लबाडी आली. खोटी कुळं सांगून घोडे विकले जाऊ लागले. म्हणून जेम्स वेदरबी यांनी १७९१ साली वंशावळींची वही छापायला घेतली. तीच ‘जनरल स्टड बुक’. तरी लबाडी थांबली नाहीच. १८४४ची एप्सम डर्बी तीन वर्षांच्या घोड्यांसाठी होती. ती जिंकली ‘रनिंग रेन’ नावाच्या घोड्यानं. प्रत्यक्षात तो चार वर्षांचा, मॅकेबियस नावाचा भलताच घोडा निघाला. प्रकरण न्यायालयात गेलं. घोडा समोर आणा, न्यायाधीश म्हणाले. पण घोडा काही हजर झाला नाही! अखेर बक्षीस दुसऱ्या क्रमांकाच्या घोड्याला मिळालं.

या साऱ्यातून ओळख पटवण्याची शिस्त वाढत गेली. अमेरिकेत घोड्याच्या ओठाच्या आत क्रमांक गोंदवू लागले, अलीकडे मानेत मायक्रोचिप बसवतात. पण ही शिस्त कशासाठी होती? खरेदीदार फसू नये, पैज लावणारा बुडू नये यासाठी. घोड्याकडून पैसा मिळायचा थांबला की वहीही थांबायची. थरोब्रेड दोन वर्षांचा असताना धावू लागतो. पाच-सहा वर्षांचा होईतो बहुतेकांची शर्यत संपते. आयुष्य मात्र पंचवीस वर्षांचं असू शकतं. मधली वीस वर्षं हे वहीतलं कोरं पान.

या कोऱ्या पानावर फर्डिनंडचं नाव आहे. १९८६ची केंटकी डर्बी त्यानं जिंकली. पाठीवर बिल शूमेकर होता, चौपन्न वर्षांचा जॉकी. १९८७ साली फर्डिनंड अमेरिकेतला वर्षाचा सर्वोत्तम घोडा ठरला. १९९४मध्ये पैदाशीसाठी त्याला जपानला विकलं. तिथं त्याची मागणी घटली. तो हातोहात फिरला आणि २००२ साली त्याची नोंद रद्द झाली. तो कत्तलखान्यात गेल्याचं २००३मध्ये एका नियतकालिकातून जगाला कळलं. त्याला परत न्यायची तयारी असलेली माणसं अमेरिकेत होती. पण त्यांना वेळेत सांगणारं कोणी नव्हतं.

त्यानंतर करार बदलू लागले. १९९७ची केंटकी डर्बी जिंकणारा सिल्व्हर चार्म जपानला गेला तो पैदाशीचं काम संपलं की परत पाठवायचं, या बोलीवर. डिसेंबर २०१४मध्ये तो केंटकीतल्या ‘ओल्ड फ्रेंड्स’ या म्हाताऱ्या घोड्यांच्या आश्रमात परतला. एकाला कत्तलखाना आणि दुसऱ्याला कुरण. फरक केला तो कागदावरच्या एका ओळीनं.

विजेत्यांचं ठीक आहे, पण हरणाऱ्यांचं काय? त्यांच्यासाठी काम आधीच सुरू झालं होतं. १९८४मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या वॉलकिल तुरुंगात निवृत्त घोडे आणले गेले आणि कैदी त्यांची निगा राखायला शिकले. ब्रिटनमध्ये २०००पासून ‘रीट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही संस्था अशा घोड्यांना नवं काम मिळवून देण्यासाठी झटते. हे नवं काम घोड्याला शिकवावं लागतं. आयुष्यभर त्याला एकच गोष्ट सांगितलेली, पळ. आता त्याचा खुराक उतरवायचा, काही महिने मोकळं सोडायचं, मग थांबायला, सावकाश चालायला शिकवायचं. तेव्हा तो अडथळ्यांवरून उड्या मारतो, पोलिसांच्या पथकात उभा राहतो, नवशिक्या पोराला पाठीवर घेतो.

पण यासाठी घोडा आहे कुठं, हे आधी माहीत हवं. अमेरिकेच्या जॉकी क्लबनं २०११मध्ये एक साधी सोय केली. घोड्याच्या नोंदीशी कुणालाही आपला पत्ता जोडता येऊ लागला. अर्थ इतकाच, की या घोड्यावर वेळ आली तर मला कळवा. ऑस्ट्रेलियात २०१९ साली शर्यतीचे घोडे कत्तलखान्यात जात असल्याचं दूरचित्रवाणीनं दाखवलं. मग नेमलेल्या समितीनं २०२१मध्ये सगळ्या घोड्यांचा माग ठेवणारी राष्ट्रीय नोंदवही मागितली. ब्रिटनमध्ये २०२२पासून, हा घोडा माणसाच्या अन्नासाठी नाही, असं पारपत्रात लिहिल्याशिवाय तो शर्यतीत धावू शकत नाही.

भारतातल्या थरोब्रेड घोड्यांचं स्टड बुक आपल्या पुण्यात ठेवलं जातं. जन्मलेल्या शिंगराचे आई-बाप त्यात काळजीनं लिहिले जातात. तेवढ्याच काळजीनं पुढच्या प्रत्येक मालकाचं नाव लिहिलं जावं, हे मागणं फार मोठं नाही. नोंद म्हणजे माया नव्हे, हे मला कळतं. नुसत्या कागदानं घोड्याला चारा मिळत नाही. पण जबाबदारी कुणाची, हे कागदच सांगतो.

आमच्या त्या पावतीवर एक नाव आणि एका गावाचा पत्ता असता, तर आजोबा एखाद्या रविवारी जाऊन घोडा पाहून आले असते. निदान दादीला काहीतरी सांगू शकले असते.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)