योगमीमांसा

योगमीमांसा : लोणावळ्याच्या कैवल्यधाम संस्थेचे योगविषयक संशोधनाला वाहिलेले इंग्रजी नियतकालिक. स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे जगन्नाथ गणेश गुणे, 1883–1966) यांनी 1924 मध्ये, संस्थेच्या स्थापनावर्षीच, ते त्रैमासिक म्हणून सुरू केले.

पार्श्वभूमी : कुवलयानंदांनी बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात शिक्षण घेतले. माणिकराव हाडवैद्यकीतही निष्णात होते. आखाड्यातील मालिश व हाड बसवण्याची विद्या उस्तादाच्या हातून शिष्याच्या हाती जात असे. कागदावर क्वचितच उतरे. पुढे कुवलयानंदांना मालसरच्या परमहंस माधवदासजींकडून योगदीक्षा मिळाली. योगक्रियेने शरीरात काय घडते, हे मोजून पाहावे आणि छापून सर्वांपुढे ठेवावे, हा त्यांचा ध्यास होता.

स्वरूप : उड्डियान (श्वास सोडून पोट आत ओढणे) व नौली (पोटाचे स्नायू पुढे काढून फिरवणे) या क्रियांच्या वेळी बडोद्याच्या रुग्णालयात घेतलेल्या क्ष-किरण चित्रांची निरीक्षणे आरंभीच्या अंकांत आली. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली येतो. या अंशतः निर्वाताला कुवलयानंदांनी गुरूंचे नाव दिले : ‘माधवदास निर्वात’. प्रयोगांच्या नोंदींबरोबरच सामान्य वाचकासाठी आसनांचे सचित्र विवेचनही अंकात असे.

अंकीय प्रकाशन : मधल्या काळात प्रकाशन मधूनमधून बंद पडले. त्यामुळे 1924 पासून 90 वर्षे झाली, तरी 2014 साली 46वा खंड चालू होता. त्या खंडाचे लेख संकेतस्थळावर उपलब्ध झाले. नियतकालिक आता षण्मासिक असून त्यातील लेख विनामूल्य वाचता येतात.

महत्त्व : शरीरोपचार करणाऱ्यांसाठी या नियतकालिकाने एक शिस्त घालून दिली : करावे, मोजावे, लिहावे आणि इतरांना तपासू द्यावे. तिची गरज योगापुरती नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात दाई बाळाला तेल लावते, वैदू मुरगळलेला पाय चोळून देतो. हे ज्ञान अजूनही बहुतांशी पाहून आणि ऐकूनच पुढे जाते. जाणत्या हातांबरोबर ते संपू नये, त्यातले हितकर टिकावे व घातक गळावे, यासाठी त्याचीही अशीच पारख व नोंद व्हायला हवी. छापील अंक या पट्ट्यातल्या भामरागड वा सिरोंच्यापर्यंत पोचवणे अवघड होते. पडद्यावरच्या अंकाने ते अंतर बरेच कमी केले आहे. मात्र तो मराठीत आणि गोंडी-माडियात असेल, तरच दाईच्या घरात पोचेल.