राघोबादादा आणि आपली सहानुभूति

मराठ्यांच्या इतिहासांतील पुरुषांची आपण मनांतल्या मनांत दोन रांगांत मांडणी करून ठेविली आहे. एका रांगेस आपण हात जोडतों, दुसरीच्या नांवानें बोटें मोडतों. रघुनाथराव पेशवा हा मात्र यांपैकीं कोणत्याच रांगेंत धड बसत नाहीं. पुतण्याच्या खुनाचा ठपका ज्याच्या कपाळीं बसला, परक्यांच्या पलटणी ज्यानें आपल्याच राज्यावर आणविल्या, त्याचें नांव निघालें असतां सुशिक्षित मराठी घरांत संतापाच्या आधीं एक स्मित उमटतें. आपण त्याला अजूनहि 'दादा' म्हणतों. सूर्याजी पिसाळास कोणी दादा म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं! हा जिव्हाळा कोठून आला, तो कितपत रास्त आहे, आणि न्यायानें पाहतां तो कोणत्या ठिकाणीं संपावयास पाहिजे, याचा विचार करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम त्याची बाजू पाहूं; कारण त्याला बाजू आहे, आणि ती लहान नाहीं. पहिल्या बाजीरावाचा हा मुलगा १७३४ सालीं जन्मला. बापाची घोडदौड आणि बापाचें धाडस त्याच्या अंगीं उतरलें होतें. १७५८ च्या एप्रिल महिन्यांत मराठी फौजा लाहोरांत शिरल्या त्या त्याच्याच सेनापतित्वाखालीं. अटकेपार झेंडे लावल्याचा जो अभिमान आपल्या बोलण्यांत मुरून गेला आहे, तो या मोहिमेचाच. मात्र या विजयाबरोबर त्यानें कर्जाचा डोंगरहि घरीं आणला, आणि पुण्यास त्याची गांठ पडली ती हारतुऱ्यांपेक्षां जमाखर्चाच्या प्रश्नांशीं. उत्तरेची पुढची मोहीम सदाशिवरावभाऊकडे गेली. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपत झालें, जूनमध्यें नानासाहेब वारला, आणि पेशवाईचीं वस्त्रें सोळा वर्षांच्या माधवरावास मिळालीं. लाहोर पाहून आलेल्या सव्वीस वर्षांच्या चुलत्याच्या वांट्याला पुतण्याचा कारभार सांभाळणें तेवढें आलें. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या कोणाहि माणसास हें शल्य समजावून सांगावें लागणार नाहीं. शोकनाट्याचा नायक अगदीं सज्जन नसावा आणि अगदीं दुष्टहि नसावा, कांहींतरी चुकीमुळें तो पदभ्रष्ट व्हावा, असें ॲरिस्टॉटल म्हणून गेला. राघोबा या मापांत जणूं मुद्दाम बेतल्यासारखा बसतो. नाटककारांस त्याचा मोह पडला यांत नवल तें काय?

परंतु या शल्याचें पुढें काय झालें तें पाहिलें पाहिजे. १७६२ च्या नोव्हेंबरांत घोडनदी आणि आळेगांव येथें चुलत्यापुतण्यांच्या फौजा एकमेकींवर पडल्या. राघोबानें निजामाची कुमक आणली होती. राज्य दुभंगण्यापेक्षां आपण नमलेलें बरें, असें ठरवून माधवराव आपण होऊन चुलत्याच्या छावणींत गेला. पुढच्याच वर्षीं त्याच निजामानें पुणें लुटलें आणि जाळलें. १० ऑगस्ट १७६३ रोजीं राक्षसभुवनाच्या लढाईंत राघोबा शत्रूच्या गराड्यांत सांपडला, तेव्हां त्यास सोडविण्यास धांवला तो हाच नमलेला पुतण्या. एवढें होऊनहि १७६८ सालीं राघोबानें पुन्हां फौज जमविली. धोडप येथें त्याचा मोड करून माधवरावानें त्यास शनिवारवाड्यांत नजरकैदेंत ठेविलें. नजरकैदेपलीकडे शिक्षा केली नाहीं. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें माधवराव वारला. मरणापूर्वीं त्यानें धाकट्या नारायणरावाचा हात याच चुलत्याच्या हातीं दिला, असें सांगतात.

रणजित देसाई यांची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ सालीं निघाली आणि १९८० नंतरच्या दशकांत तिच्यावरील मालिका दूरदर्शनवर आली. मालिकेचा एक गुण असा, कीं ती मनुष्यस्वभाव आठवड्यामागून आठवडे आपल्या दिवाणखान्यांत आणून बसविते. नाटकांत तीन तासांत जें क्षम्य वाटतें, तें येथें वाटेनासें होतें. तोच रुसवा, तीच समजूत, तेच अश्रू आणि पुन्हां तीच मसलत! प्रेक्षकाची सहानुभूति एखाद्या घोर कृत्यानें एकदम तुटत नाहीं. ती पुनरावृत्तीनें झिजत जाते. परंतु ही कथा थेऊरास संपते. राघोबाचीं खरीं दुष्कृत्यें तिच्या नंतरचीं. म्हणून प्रेक्षकाच्या मनांत शेवटीं उरतो तो एक मानी, हलक्या कानाचा, घरोघर आढळणारा चुलता. आपल्या त्या स्मिताचें एक मूळ येथें आहे.

दुसरें मूळ ३० ऑगस्ट १७७३ च्या प्रसंगांत आहे. त्या दिवशीं गारद्यांनीं शनिवारवाड्यांत शिरून नारायणरावास ठार केलें. जीव वांचविण्यास तो चुलत्याच्याच गळ्यांत पडला होता. रामशास्त्री प्रभुण्यांनीं चौकशी केली आणि दोष राघोबावर ठेविला. 'धरावें' असा मूळ हुकूम होता, त्यांतील 'ध' चा 'मा' आनंदीबाईनें केला, ही समजूत तेव्हांपासून चालत आली. ग्रँट डफनें १८२६ सालीं आपल्या इतिहासांत तिला जागा दिली, आणि आज ती म्हणच होऊन बसली आहे. या एका अक्षरानें राघोबाची केवढी सोय झाली! धरण्याचा गुन्हा त्याचा, मारण्याचा बायकोचा. पुतण्यास धरण्यासाठीं पगाराकरितां खवळलेल्या गारद्यांच्या हातीं हुकूम देणारा मनुष्य परिणामाविषयीं अजाण होता, हें आपण ऐकून घेतों, कारण दोष वाहून नेण्यास एक स्त्री तयार सांपडली आहे. अक्षर कोणी बदललें, किंबहुना बदललें गेलें कीं नाहीं, याचा वाद क्षणभर बाजूस ठेवूं. न बदललेला हुकूमहि पेशव्यास कैद करण्याचाच होता, आणि तो देणारा राघोबाच होता.

या प्रसंगावर खाडिलकरांनीं १९०९ सालीं 'भाऊबंदकी' लिहिलें. दोनच वर्षांपूर्वीं सुरतेस राष्ट्रीय सभा दुभंगली होती, त्यामुळें त्या नांवाचा अर्थ प्रेक्षकांस सांगावा लागला नाहीं. नानासाहेब फाटकांनीं पुढें गाजविलेला राघोबा पाहिलेलीं माणसें त्याची आठवण जन्मभर सांगत. प्रभातनें १९४४ सालीं 'रामशास्त्री' हा बोलपट काढला, त्यांतहि न्यायाधीश आणि अपराधी सत्ताधीश समोरासमोर येतात. हें नाट्य थोर आहे यांत शंका नाहीं. पण 'भाऊबंदकी' वाचतांना 'मॅकबेथ' आठवल्यावांचून राहत नाहीं, आणि तो आठवला म्हणजे एक उणीवहि जाणवते. डंकन राजाचा खून झाला तरी मॅकबेथविषयींची आपली कणव संपत नाहीं. शेक्सपिअरनें त्याच्या मनाचा तळमळाट आपणांस इतका जवळून दाखविला आहे. ती संपते चौथ्या अंकांत, मॅकडफच्या घरीं मारेकरी शिरून त्याच्या बायकोमुलांची कत्तल करतात तेव्हां. त्या मुलाचा गादीशीं कांहींएक संबंध नाहीं. जे खेळांत नव्हते त्यांना खेळाची किंमत भरतांना नाटककारानें आपल्या डोळ्यांपुढें उभें केलें, आणि नायकाचा आपल्यावरील अंमल त्याच क्षणीं उतरला. आमच्या रंगभूमीचा आणि पडद्याचा मुक्काम बहुधा शनिवारवाड्यांतच असतो. राघोबाच्या कथेंत मॅकडफचें घर कोठें आहे, हें तेथून दिसत नाहीं.

तें शोधण्यापूर्वीं एक तारीख ध्यानांत घ्यावी. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर नारायणरावाच्या विधवेस, गंगाबाईस, मुलगा झाला. तोंपर्यंत राघोबास निदान एवढें म्हणतां येत होतें कीं, पेशव्यांच्या घरांत गादीचा धनी आतां मीच. सवाई माधवरावाच्या जन्माबरोबर तें म्हणणें संपलें. मानी पुरुषास सन्मानानें मागें सरण्याची ही संधि होती. राघोबा गुजरातेकडे गेला, आणि १७७५ च्या मार्चमध्यें सुरतेस त्यानें इंग्रजांशीं तह केला. कंपनीनें अडीच हजार फौज द्यावी. खर्चासाठीं दरमहा दीड लाख रुपये राघोबानें भरावे. सहा लाखांचें जवाहीर तारण ठेवावें. शिवाय वसई आणि साष्टी कंपनीस तोडून द्यावीं. वसई कोणाची? दोन वर्षांच्या झुंजीनंतर १७३९ सालीं ती पोर्तुगीजांपासून जिंकणारा चिमाजी आप्पा हा राघोबाचा सख्खा चुलता. चुलत्यानें मिळविलेलें पुतण्यानें सहीच्या एका फराट्यानें देऊन टाकिलें.

यापुढचा इतिहास पुण्यांत नव्हे, आमच्या या उत्तर कोंकणांत घडला. ठाण्याचा किल्ला इंग्रजांनीं तहाची वाटहि न पाहतां २८ डिसेंबर १७७४ रोजींच घेतला होता. आज शहाड म्हटलें कीं रेल्वेचें स्टेशन, उल्हास नदी आणि कारखाने डोळ्यांपुढें येतात. त्या काळीं हा टापू कल्याण प्रांतांत मोडत असे, आणि मुंबईहून घाटावर जाणाऱ्या फौजांच्या वाटेवर होता. १७८० सालीं इंग्रजांनीं कल्याण घेतलें. तें सोडविण्यास पेशव्यांची फौज आली. मे महिन्यांत कर्नल हार्टलेनें तिला मागें हटविलें. अंबरनाथकडे जातांना जो मलंगगडाचा सुळका दिसतो, त्यावर त्याच वर्षीं कॅप्टन ॲबिंग्टन चालून गेला, आणि त्याची सुटका करण्यास पुन्हां हार्टलेस धांवावें लागलें. डिसेंबरांत वसई पडली. फौजा कोणाच्याहि असोत, त्यांना दाणा, वैरण आणि वेठीची माणसें याच गांवांनीं पुरवावयाचीं. येथील कुणब्यानें, कोळ्यानें, आगऱ्यानें पेशवाईच्या वस्त्रांवर कधीं हक्क सांगितला नव्हता. राघोबाच्या कथेंतील मॅकडफचें घर तें हें. त्या माणसांचीं नांवें बखरींत नाहींत, म्हणून रंगभूमीवरहि नाहींत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. परक्यांची मदत काय एकट्या राघोबानें घेतली? त्याचा भाऊ नानासाहेब यानें १७५६ सालीं इंग्रजांच्या साह्यानें तुळाजी आंग्र्याचें आरमार बुडविलेंच कीं नाहीं? बुडविलें, आणि त्याचा दोष नानासाहेबास दिलाच पाहिजे. परंतु विजयदुर्ग हातीं लागल्यावर इंग्रजांनीं तो कित्येक महिने कसा सोडला नाहीं, हें पेशव्यांच्या घरांतील प्रत्येकानें पाहिलें होतें. वीस वर्षांपूर्वींचा हा धडा राघोबाच्या डोळ्यांसमोर होता. पहिल्यानें चुकणाऱ्यास अज्ञानाचा आधार मिळतो. त्याच वाटेनें दुसऱ्यानें जाणाऱ्यास तो मिळत नाहीं. राघोबाचा मुलगा दुसरा बाजीराव ३१ डिसेंबर १८०२ रोजीं इंग्रजांच्या तहावर सही करण्यास बसला, तो वसईसच. बापानें मळलेली वाट मुलास परकी वाटली नाहीं.

१७८२ च्या मे महिन्यांत सालबाईचा तह झाला. वसई परत मिळाली. साष्टी गेली ती गेलीच. राघोबास दरमहा पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली, आणि ११ डिसेंबर १७८३ रोजीं कोपरगांव येथें त्याचा अंत झाला. लाहोर जिंकणाऱ्याचा हा शेवट वाचतांना मन हळहळतें, आणि हळहळावें. दया ही पडलेल्या कोणावरहि करतां येते. सहानुभूति ही निराळी वस्तु आहे. तिच्यांत आपण त्या माणसाच्या शेजारीं जाऊन उभे राहतों आणि त्याच्या डोळ्यांनीं जग पाहतों. राघोबाच्या शेजारीं १७६१ सालीं उभें राहण्यास हरकत नाहीं. १७७५ सालीं सुरतेस त्याच्या शेजारीं उभें राहिलें, तर कल्याण, ठाणें आणि वसई हीं तहांतलीं नुसतीं नांवें दिसतात, तेथील माणसें दिसत नाहींत. तेथें त्याला एकटा सोडून आपण येथल्या माणसांकडे येणें हाच न्याय आहे.

मुलांना शनिवारवाड्याची गोष्ट सांगतांना आपण नारायणरावाच्या किंकाळीपाशीं थांबतों. गोष्ट तेथें संपत नाहीं. ती ठाण्याच्या खाडीपर्यंत आणि मलंगगडाच्या पायथ्यापर्यंत येते, हेंहि त्यांना सांगावें.