मेंदूतील दुय्यम गाठींवरील रेडिओसर्जरी

मेंदूतील लहान गाठीवर अनेक दिशांनी किरणोत्सर्गाचे सूक्ष्म झोत अचूकपणे एकवटण्याच्या उपचारपद्धतीस रेडिओसर्जरी म्हणतात. नावात शस्त्रक्रियेचा उल्लेख असला तरी तीत कवटी उघडली जात नाही. मेंदूत पसरणाऱ्या कर्करोगांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण सर्वाधिक असल्याने अशा रुग्णांसाठी या उपचाराचे विशेष महत्त्व आहे.

इतिहास

स्वीडिश मेंदूशल्यचिकित्सक लार्स लेक्सेल यांनी १९५१ मध्ये ही संकल्पना मांडली. त्यांनी विकसित केलेले ‘गॅमा नाइफ’ हे यंत्र १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॉकहोम येथे वापरात आले. कोबाल्ट-६० वापरणाऱ्या या यंत्राखेरीज आता रेखीय त्वरकाच्या साहाय्यानेही रेडिओसर्जरी केली जाते.

कार्यपद्धती

एमआरआय चित्रांवरून गाठीचे नेमके स्थान निश्चित करतात आणि चौकट किंवा मुखवट्याने डोके स्थिर ठेवतात. प्रत्येक झोत स्वतंत्रपणे क्षीण असतो. सर्व झोत जेथे मिळतात तेथेच मात्रा तीव्र होते. त्यामुळे सभोवतालच्या मेंदूला कमी इजा पोहोचते. गाठ जितकी मोठी, तितकी एकाच वेळी देता येणारी सुरक्षित मात्रा कमी असते. मोठ्या गाठींसाठी ती काही दिवसांत विभागून देतात.

संपूर्ण मेंदूच्या किरणोपचाराशी तुलना

पूर्वी अशा रुग्णांच्या संपूर्ण मेंदूला किरणोपचार देण्याची प्रथा होती. एक ते तीन गाठी असलेल्या ५८ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. रेडिओसर्जरीस संपूर्ण मेंदूच्या किरणोपचाराची जोड दिल्यास चार महिन्यांनी शिकण्याची व स्मरणाची क्षमता घटण्याची शक्यता ५२ टक्के, तर केवळ रेडिओसर्जरीनंतर २४ टक्के आढळली. मात्र केवळ रेडिओसर्जरी झालेल्यांच्या मेंदूत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण अधिक होते. म्हणून या उपचारानंतर ठरावीक काळाने एमआरआय तपासणी अत्यावश्यक ठरते.

जपानमधील १,१९४ रुग्णांच्या अभ्यासात (२०१४) बहुसंख्य रुग्ण फुप्फुसाच्या कर्करोगाचे होते. त्यात दोन ते चार आणि पाच ते दहा गाठी असलेल्या दोन्ही गटांचा मध्यक जीवितकाल १०.८ महिने आढळला. त्यामुळे केवळ गाठींची संख्या अधिक म्हणून हा उपचार नाकारण्याची भूमिका मागे पडू लागली.

मर्यादा

काही रुग्णांत उपचारानंतर काही महिन्यांनी किरणोत्सर्गामुळे मेंदूची ऊती मृत होते. एमआरआयमध्ये ती पुन्हा वाढलेल्या गाठीसारखी भासू शकते. मेंदूवर दाब आणणारी मोठी गाठ शस्त्रक्रियेने काढणे योग्य ठरते. ईजीएफआर किंवा एएलके जनुकांतील बदल असलेल्या रुग्णांत मेंदूपर्यंत पोहोचणारी लक्ष्यवेधी औषधेही उपलब्ध आहेत. रेडिओसर्जरी केवळ दिसणाऱ्या गाठींवर कार्य करते. मूळ कर्करोगावरील उपचार स्वतंत्रपणे चालू ठेवावे लागतात.