मायदेशाआधी परदेशाने पाहिलेली नटी: सादायाक्को

#इतिहास #थ्रेड

१.
इ. स. १९००. पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले होते. लॉई फुलर या अमेरिकन नर्तकीने प्रदर्शनाच्या आवारात स्वतःचे छोटेखानी नाट्यगृह उभारले होते. जुलै महिन्यात तेथे एका जपानी नाटकमंडळीचे खेळ सुरू झाले. संवादांतील एक अक्षरही बहुतेक प्रेक्षकांना कळत नव्हते. तरीही रोज गर्दी होई, ती नायिकेला मरताना पाहण्यासाठी. त्या नटीचे नाव सादायाक्को.

२.
युरोपला वाटले, जपानच्या प्राचीन रंगभूमीची महान अभिनेत्री आपल्या दारी आली आहे. वस्तुस्थिती फार वेगळी होती. सव्वा वर्षापूर्वीपर्यंत सादायाक्को नटी नव्हतीच. आणि ज्या काबुकी रंगभूमीची ती प्रतिनिधी मानली गेली, त्या रंगभूमीवर स्त्रीला पाऊल ठेवायलाही जागा नव्हती. हे कसे घडले, त्याची ही कहाणी.

३.
आधी थोडी पार्श्वभूमी. काबुकीचा आरंभ एका स्त्रीच्या नावाने सांगितला जातो. सतराव्या शतकाच्या प्रारंभी इझुमोची ओकुनी ही नर्तकी क्योतोमध्ये नाच करीत असे. त्यातूनच काबुकी जन्मली. पण १६२९ साली शोगुनच्या राजवटीने नीतीचे कारण पुढे करून स्त्रियांना रंगमंचावर बंदी घातली. पुढे स्त्रीभूमिका पुरुषच करू लागले. त्यांना ओन्नागाता म्हणतात. अडीच शतकांत ही कला इतकी परिपक्व झाली की, स्त्रीचे सौंदर्य पुरुषानेच रंगवावे, असा संकेत रूढ झाला.

४.
सादायाक्कोचा जन्म १८७१ साली तोक्योत झाला. घर कर्जात बुडाले आणि लहानग्या सादाला गेइशांच्या एका घराण्यात दत्तक देण्यात आले. तिथे तिला नृत्य, गायन, शामिसेन वादन यांचे कसून शिक्षण मिळाले. पुढे ती राजधानीतील नामांकित गेइशा झाली. जपानचे पहिले पंतप्रधान इतो हिरोबुमी हे तिचे आश्रयदाते होते. ती कला मात्र खासगी बैठकीपुरती होती. गेइशाने नाचावे ते दिवाणखान्यात, नाट्यगृहात नव्हे.

५.
तिने लग्न केले ते कावाकामी ओतोजिरो या माणसाशी. हाकाताच्या या उपद्व्यापी तरुणाने राजकीय चळवळीत उडी घेतली होती. ‘ओप्पेकेपे’ या त्याच्या उपहासगीताने तो घरोघरी पोहोचला, आणि सरकारविरोधी बोलण्यापायी अनेकदा तुरुंगातही गेला. काबुकीच्या घराण्यात तो जन्मला नव्हता, कोणा गुरूपाशी शिकलाही नव्हता. त्याने ‘शिन्पा’, म्हणजे नव्या धाटणीच्या नाटकाला बळ दिले. १८९४ मध्ये चीन-जपान युद्धावरील त्याच्या नाटकांनी तोक्यो दणाणून सोडले.

६.
यश पचले नाही. त्याने कर्ज काढून १८९६ मध्ये तोक्योत स्वतःचे ‘कावाकामी-झा’ हे नाट्यगृह बांधले. मग संसदेची निवडणूक लढवली आणि हरला. सावकार दाराशी आले, नाट्यगृह हातचे गेले. तेव्हा या गृहस्थाने पत्नीला घेऊन एका लहानशा होडीतून समुद्रमार्गे तोक्यो सोडले. वादळवाऱ्याला तोंड देत दोघे किनाऱ्याकिनाऱ्याने कोबेला पोहोचले. तिथेच अमेरिकेच्या दौऱ्याचे निमंत्रण आले, आणि १८९९ च्या वसंतात मंडळी जहाजावर चढली.

७.
परदेशी प्रेक्षकांच्या मनात तोवर ‘जपान’ तयार झालेला होता. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात तीन गेइशा चहाघरात बसवून दाखवल्या गेल्या होत्या. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात मेइजी सरकार अधिकृतपणे उतरले. आज जपानीत ललितकलेसाठी रूढ असलेला ‘बिजुत्सु’ हा शब्द त्याच प्रदर्शनाच्या जर्मन कागदपत्रांचे भाषांतर करताना घडवला गेला. म्हणजे परदेशात मांडणी करता करता जपान आपल्या कलेला नवी नावेही देत होता.

८.
दुसरीकडे उकियो-ए मुद्राचित्रांनी युरोपातील चित्रकारांना वेड लावले होते. लंडनमध्ये ‘द मिकाडो’ (१८८५) आणि ‘द गेइशा’ (१८९६) या संगीतिका गाजल्या होत्या. त्यांतील जपानी पात्रे इंग्रज नटनट्याच रंगवत. पंखे, छत्र्या, किमोनो आणि हाराकिरी एवढ्या सामग्रीवर हा जपान उभा होता. कावाकामी मंडळींना याच कल्पनेशी सामना करायचा होता, किंवा तिच्याशी जुळवून तरी घ्यायचे होते.

९.
सॅन फ्रान्सिस्कोला उतरताच पहिला धक्का बसला. जाहिरातींवर मुख्य नटी म्हणून सादाचेच नाव झळकत होते! ती पतीची सोबत म्हणून आली होती. पण नायिकेचे काम पुरुष करतो, हे अमेरिकन प्रेक्षकाला रुचणार नव्हते. बाजाराच्या मागणीपुढे जपानी संकेत गळून पडला. लहानपणी शिकलेले नृत्य आठवून सादा रंगमंचावर उभी राहिली. ‘सादायाक्को’ हे रंगमंचीय नाव तिला तिच्या मूळ नावावरून आणि गेइशा म्हणून असलेल्या नावावरून मिळाले.

१०.
दुसरा धक्का जीवघेणा होता. व्यवस्थापकाने गल्ला घेऊन पोबारा केला. परक्या मुलखात खिसे रिकामे, भाषा येत नाही, मंडळीत दीड-दोन डझन माणसे. ओतोजिरोची लहानगी भाची त्सुरू हिला तिथल्याच एका जपानी चित्रकाराच्या घरी ठेवावे लागले. (हीच मुलगी पुढे त्सुरू आओकी या नावाने हॉलिवूडच्या मूकपटांतील अभिनेत्री झाली.) बाकीचे सिअ‍ॅटल, पोर्टलंड करीत शिकागोला पोहोचले.

११.
शिकागोत मोठ्या मिनतवारीने एका नाट्यगृहात एक खेळ मिळाला. असे सांगतात की, उपाशी नट लढाईच्या प्रसंगात खाली पडले ते उठू शकले नाहीत आणि प्रेक्षकांनी तो अस्सल अभिनय समजून टाळ्यांचा कडकडाट केला. आख्यायिकेचा रंग बाजूला ठेवला तरी उपासमार खरी होती, आणि त्या खेळाने मंडळी तगली हेही खरे.

१२.
याच प्रवासात त्यांचे सर्वांत गाजलेले नाटक आकाराला आले: ‘गेइशा आणि सामुराई’. त्यात काबुकीची दोन स्वतंत्र प्रकरणे एकत्र शिवली होती. पहिले ‘सायाआते’, म्हणजे तलवारींची म्याने एकमेकांवर आपटून पेटलेले दोन सामुराईंचे भांडण. दुसरे ‘दोजोजी’, म्हणजे प्रियकराने झिडकारलेल्या स्त्रीचे मंदिराच्या घंटेभोवतीचे नृत्य. मूळ कथेत ती स्त्री सूडाने सर्पीण होते. इथे गेइशा संतापाने वेडीपिशी होऊन प्राण सोडते.

१३.
रचनेचे सूत्र सोपे होते. संवाद कमी, हालचाल अधिक. लांबलचक प्रसंगांना कात्री. झुंजी वाढवायच्या, वेशभूषा भरजरी ठेवायची आणि शेवटी मृत्यू. काबुकीत एक प्रसंग तासभर रेंगाळतो आणि रसिक त्या रेंगाळण्याचाच आस्वाद घेतात. परदेशी प्रेक्षकाजवळ तो संस्कारही नव्हता आणि तेवढी सवडही नव्हती.

१४.
या यशाची किंमत बॉस्टनमध्ये मोजावी लागली. मंडळीतील स्त्रीभूमिका करणारे दोन नट तिथे दगावले. चेहऱ्याला फासायच्या पांढऱ्या रंगातील शिशाची विषबाधा हे त्याचे कारण मानले जाते. ओतोजिरोवरही शस्त्रक्रिया झाली. तशातही त्याने तिथे हेन्री अर्व्हिंग आणि एलन टेरी यांचे ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ पाहिले आणि त्यातील न्यायालयाच्या प्रसंगाचा जपानी अवतार थोड्याच दिवसांत रंगमंचावर आणला!

१५.
पुढे वॉशिंग्टन, न्यूयॉर्क, लंडन आणि अखेर पॅरिस. लॉई फुलरला धंद्याची नाडी ठाऊक होती. प्रेक्षकांना हाराकिरी हवी, म्हणून तिने हाराकिरीचा आग्रह धरला. कथेला तिची गरज असो वा नसो, रंगमंचावर पोट चिरले जाऊ लागले. फुलरने जाहिरातीत या मंडळींना जपानची थोर रंगभूमी म्हणून मिरवले. ओतोजिरोनेही ते खोडून काढले नाही.

१६.
परिणाम मात्र नकली नव्हता. लेखक आंद्रे जीद पुन्हा पुन्हा तिचे खेळ पाहायला गेला. आधुनिक नृत्याची अध्वर्यू इसाडोरा डंकन तिच्या कलेने भारावली. तरुण पिकासोने तिचे चित्र रेखाटले. ‘याक्को’ नावाचे अत्तर निघाले, तिच्या नावाचे किमोनो विकले गेले. १९०२ मध्ये मिलानला पुचिनीने तिचा प्रयोग पाहिला; त्या वेळी तो ‘मादामा बटरफ्लाय’ रचत होता.

१७.
मायदेशी मात्र संतापाची लाट उसळली. काबुकीचे शिक्षण न घेतलेला माणूस काबुकीची मोडतोड करून तीच जपानची कला म्हणून विकतो, हा राष्ट्राचा अपमान आहे, असा टीकेचा सूर होता. हा राग समजण्यासारखा होता. १८८७ साली खुद्द सम्राटाने काबुकी पाहिली होती. करमणुकीचा हलका धंदा मानल्या गेलेल्या या कलेला राष्ट्रीय प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठी नववा दांजुरो यांच्यासारखे दिग्गज झटत होते. आणि नेमके तेव्हाच जगाने तिची पहिली ओळख करून घेतली ती तुकडे जोडलेल्या गोधडीसारखी.

१८.
पण या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. परदेशात जुन्या जपानचा मुखवटा चढवणारा ओतोजिरो मायदेशात नव्याचा पुरस्कर्ता होता. परतल्यावर त्याने १९०३ च्या फेब्रुवारीत तोक्योत ‘ऑथेल्लो’ रंगभूमीवर आणले. नायक जपानी सेनापती, आणि सायप्रसच्या जागी तैवान. डेस्डिमोनाच्या भूमिकेत होती सादायाक्को. मायदेशात नटी म्हणून तिची खरी सुरुवात इथून झाली. त्याच वर्षी ‘हॅम्लेट’ही झाले. युरोपात जपान दाखवणारे हे दांपत्य आता जपानमध्ये युरोप दाखवू लागले, तेही तितक्याच मोकळ्या हाताने काटछाट करून!

१९.
सादायाक्कोने याहून टिकाऊ काम केले ते १९०८ मध्ये. उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्यासारख्यांच्या पाठबळाने तिने तोक्योत अभिनेत्रींना शिक्षण देणारी संस्था काढली. पहिल्या तुकडीत पंधरा मुली होत्या. ‘नटी’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाण्याचा तो काळ. तरी संस्था टिकली, आणि १९११ मध्ये तोक्योचे भव्य शाही नाट्यगृह उघडले तेव्हा त्याच्या रंगमंचावर येथे घडलेल्या अभिनेत्री उभ्या होत्या. १६२९ च्या बंदीने बाहेर काढलेली स्त्री आता प्रशिक्षित कलावंत म्हणून पुढच्या दाराने आत आली.

२०.
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ओतोजिरो वारला. ओसाकातील त्याने बांधलेल्या नाट्यगृहाच्या रंगमंचावर त्याला नेण्यात आले आणि तिथेच त्याने प्राण सोडला. सादायाक्को १९१७ मध्ये निवृत्त झाली. पुढे नागोयात तिने उभारलेले घर आज संग्रहालय म्हणून जतन केले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ च्या डिसेंबरात तिचे निधन झाले.

२१.
या मंडळींचा आवाज मात्र आजही ऐकता येतो. १९०० मध्ये पॅरिसला असताना त्यांच्या गाण्या-संवादांचे ध्वनिमुद्रण झाले होते. ते बहुतेक शतकभर विस्मृतीत पडून राहिले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाले. जपानी भाषेच्या आज ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणांत त्याची गणना होते. त्यात ‘ओप्पेकेपे’ही आहे. म्हणजे सरकारची टर उडवणारे तोक्योच्या रस्त्यावरचे ते गाणे पॅरिसमध्ये जतन झाले!

२२.
मग कावाकामी मंडळींनी परदेशात जे दाखवले ते जपानी होते की नाही? काबुकीच्या जाणकारांचे उत्तर ‘नाही’ असे होते, आणि शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण दोजोजीचे नृत्य सादायाक्को लहानपणापासून शिकली होती. तिच्या अंगातील ती तालीम अस्सल होती. खोटी होती ती तिच्यावर डकवलेली चिठ्ठी, आणि ती चिठ्ठी लिहिण्यात व्यवस्थापक, फुलर, ओतोजिरो आणि पॅरिसचा प्रेक्षक या सर्वांचा हात होता.

२३.
म्हणूनच एखादी कला ‘परंपरा’ म्हणून परदेशी मंचावर दिसते तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने काही प्रश्न जरूर विचारावेत. निवड कोणी केली? काय गाळले, काय वाढवले? तिकिटाचे पैसे कोणाच्या हाती गेले? आणि त्या गडबडीत कोणाला अशी जागा मिळाली, जी घरच्या परंपरेने कधी दिली नसती? सादायाक्कोच्या बाबतीत या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या संस्थेच्या पहिल्या पंधरा मुलींपाशी आहे.

(थ्रेड समाप्त)