लष्कर ते लास्कर: एका शब्दाने मला शिकवलेली संशोधनपद्धती

पुण्यातली जुनी माणसं अजूनही कॅम्पला ‘लष्कर’ म्हणतात. ग्वाल्हेरमध्ये तर शहराच्या एका अख्ख्या भागाचं नावच लष्कर आहे, कारण दौलतराव शिंद्यांची छावणी तिथे पडली आणि पुढे तिचंच शहर झालं. म्हणजे मराठी माणसाच्या डोक्यात हा शब्द पक्का बसलेला आहे: लष्कर म्हणजे सैन्य, फार तर सैन्याचा तळ. समुद्राचा त्याच्याशी काही संबंध नाही.

पण ब्रिटिश काळातले जहाजांचे कागद उघडले की हाच शब्द ‘लास्कर’ म्हणून भेटतो आणि त्याचा अर्थ असतो आशियाई खलाशी. सैनिकाचा खलाशी कसा झाला? आजच्या लेखात तेच बघू. आणि हे न बघितल्यामुळे माझं काम कसं चुकलं, तेही सांगतो.

आधी माझी चूक

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एकोणिसाव्या शतकातल्या खलाशांच्या नोंदी एका तक्त्यात भरत होतो. जिथे ‘लास्कर’ दिसेल तिथे ‘खलाशी’ असं लिहायचं, इतका सोपा नियम मी ठरवला होता. तीन-चार आठवड्यांनी गाईडनी तक्ता बघितला आणि एकच प्रश्न विचारला, “हे तुझे खलाशी तोफखान्यात काय करतायत?”

झालं होतं असं, की ‘गन लास्कर’ आणि ‘टेंट लास्कर’ अशा नोंदीही मी खलाशांत धरल्या होत्या. गन लास्कर म्हणजे तोफा ओढणं, हलवणं अशी कामं करणारा माणूस. टेंट लास्कर म्हणजे तंबू उभारणारा. दोघंही जमिनीवरचे! तक्ता पहिल्या ओळीपासून पुन्हा तपासावा लागला.

शब्दाचा प्रवास

मूळ शब्द फारसी, ‘लश्कर’. अर्थ सैन्य किंवा छावणी. त्यावरून ‘लश्करी’ म्हणजे सैन्यातला माणूस. सोळाव्या शतकात पोर्तुगीज इथल्या किनाऱ्यांवर आले, तेव्हा त्यांनी हा शब्द उचलला आणि त्याचं ‘लाश्करिम’ केलं. श्रीलंकेत पोर्तुगिजांकडून लढणाऱ्या स्थानिक शिपायांना हेच नाव होतं. म्हणजे इथपर्यंत अर्थ सैनिक हाच आहे.

इंग्रजांच्या तोंडी मात्र शेवटचा ‘ई’ गळाला आणि ‘लास्कर’ उरला. युल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा १८८६चा कोश हीच वाट दाखवतो. व्याकरणाच्या अंगाने यात एक गंमत आहे. आपल्याकडे ‘लष्कर’ हे समूहाचं नाव. एका माणसाला आपण कधी ‘लष्कर’ म्हणत नाही. इंग्रजीत मात्र एक माणूसही ‘लास्कर’. समूहाचं नाव एकट्या माणसाला चिकटलं आणि हळूहळू तोफेजवळचा, तंबूजवळचा, जहाजावरचा असा कुठलाही हाताखालचा देशी माणूस त्यात बसू लागला. पुढे जहाजावरचा अर्थ बाकीच्यांवर मात करून गेला.

असं घसरलेलं हे एकटंच नाव नाही. जहाजावरच्या खलाशांच्या म्होरक्याला ‘सारंग’ म्हणत. मूळ फारसी शब्द ‘सरहंग’, म्हणजे सेनाधिकारी. इराणच्या सैन्यात आजही सरहंग म्हणजे कर्नल. शिवरायांच्या आरमाराच्या संदर्भात सभासदाच्या बखरीत मायनाक भंडारीबरोबर ‘दर्यासारंग’ येतो, तिथे हा शब्द मानाचा आहे. कंपनीच्या जहाजांवर मात्र सारंग हा गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली माणसं जमवणारा आणि त्यांच्याकडून काम करून घेणारा मुकादम झाला. त्याच्या खाली तांडेल, त्याच्या खाली बाकीचे. सारंग आणि तांडेल ही आडनावं आपल्या किनाऱ्यावर आजही भेटतात.

या लोकांची जहाजावरची बोलीही वेगळी होती. हिंदुस्तानी, पोर्तुगीज, इंग्रजी, अरबी असं सगळं तिच्यात मिसळलेलं. तिला लष्करीच म्हणत. थॉमस रोबक याने १८११मध्ये कलकत्त्याहून इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोश छापला, कारण हुकूम कळले नाहीत तर वादळात जहाज सांभाळणार कोण? अधिकाऱ्यांनाच खलाशांची भाषा शिकणं भाग होतं.

शब्द कायद्यात शिरतो तेव्हा

आता मुख्य मुद्दा. तुम्ही म्हणाल, व्युत्पत्ती छान आहे, पण तिचं इतिहासाला काय?

१६६०च्या इंग्रजी नौकानयन कायद्यात अट होती, की इंग्रजी जहाजाचा कप्तान आणि तीन चतुर्थांश खलाशी इंग्रज हवेत. मग मुंबई-कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांवरचे लास्कर कशात मोजायचे? ते तर ब्रिटिश सत्तेखालच्या प्रदेशात जन्मलेले. १८२३च्या कायद्याने याचं उत्तर स्पष्ट शब्दांत दिलं: लास्कर राजाच्या मुलखात जन्मला असला तरी तो ‘ब्रिटिश खलाशी’ धरला जाणार नाही. शिवाय त्याला परत त्याच्या देशी पोचवण्याची जबाबदारी जहाजमालकावर टाकली. वरवर बघता ही सोय वाटते. पण त्यामागे हे लोक इंग्लंडात राहू नयेत हाही हेतू होता.

पुढे लास्करांसाठी नोकरीचा करारच वेगळा झाला. पगार गोऱ्या खलाशाच्या साधारण एक तृतीयांश ते एक चतुर्थांश, राहायला जागा कमी, आणि करार हिंदुस्तानच्या बंदरातच संपणार. म्हणजे एका कागदावर ‘खलाशी’ लिहिलंय की ‘लास्कर’, यावर माणसाची मजुरी आणि मुक्कामाचा हक्क ठरत होता. शब्द इथे नुसतं वर्णन करत नाही, तो माणसाला एका खान्यात बसवतो.

बोटींवर रत्नागिरीकडची माणसं बहुधा डेकवर दिसतात, गोव्याची बहुधा स्वयंपाकघरात आणि जेवणाच्या दालनात. त्यांच्या बोली, धर्म, गावं सगळं वेगळं. कागदावर मात्र अनेकदा सगळ्यांवर एकच शिक्का. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५० हजार लास्कर होते. कोलकात्यात हेस्टिंग्ज भागात १९२४चं लास्कर स्मारक आहे, ते बंगाल, आसाम आणि उत्तरेकडच्या ८९६ खलाशांसाठी. मुंबईत मशीद बंदरच्या सेलर्स होममध्येही एक स्मारक आहे. समुद्र हीच ज्यांची कबर, अशा दोन हजारांहून अधिक खलाशांची ते आठवण ठेवतं. मशीद बंदरला उतरणाऱ्या किती जणांना ते माहीत असेल?

तुमच्यासाठी तीन गोष्टी

एक, ओळखीचा शब्द दिसला की जास्त सावध व्हा. अनोळखी शब्दासाठी आपण कोश उघडतो, ओळखीच्या शब्दाला तसंच पुढे जाऊ देतो. माझी चूक तिथेच झाली.

दोन, शब्दाचा अर्थ ठरवताना मूळ कुठलं एवढ्यावर थांबू नका. कोणत्या वर्षी, कुणी, कसल्या कागदात वापरलाय ते बघा. ‘लास्कर’ मॉरिशसमध्ये मुसलमान माणसासाठी वापरला गेला, तर इंडोनेशियात ‘लास्कर’ आजही सैनिक किंवा सैन्यदल. मूळ एकच, पण इतिहास वेगवेगळे.

तीन, तक्ता करताना मूळ शब्दासाठी एक रकाना वेगळा ठेवा आणि तुमचा अर्थ शेजारच्या रकान्यात लिहा. मी ‘गन लास्कर’ पुसून ‘खलाशी’ लिहिलं होतं, त्यामुळे चूक कळल्यावर मूळ नोंद शोधायला पुन्हा सगळी कागदपत्रं उपसावी लागली. अर्थ चुकू शकतो, तो नंतर बदलता येतो. पण कागदातला शब्द आपणच पुसला, तर त्या माणसाची जी एकमेव खूण उरली होती तीही गेली.

तुमच्या विषयातला असा ‘ओळखीचा’ शब्द कोणता? आज एकदा कोशात बघाच.