त्तोकबोक्की, मिलो आणि आजी

मागच्या शनिवारी ऑफिसचं काम वेळेत संपलं, म्हणून सरळ घाटकोपरला उतरलो. खाऊगल्लीत शिरायचं आणि कोरियन म्हणून जे दिसेल ते खायचं, एवढंच ठरवलं होतं. पहिल्याच गाडीवर पाटी: 'कोरियन गार्लिक बन, जैन मिळेल'. लसूण नसलेला गार्लिक बन! घाटकोपर आहे बाबा, इथे सगळं होतं.

पण आज बोलायचंय त्तोकबोक्कीबद्दल. तांदळाच्या पिठाचे बोटभर लांब, चिवट तुकडे आणि लालभडक रस्सा. तो रंग गोचुजांगचा, म्हणजे मिरची आणि सोयाबीन आंबवून केलेल्या पेस्टचा. गंमत म्हणजे मिरची ना त्यांची, ना आपली. ती अमेरिका खंडातली, आशियात आली पोर्तुगीजांमुळे. कोरियात ती सोळाव्या शतकाच्या शेवटी पोचली असं मानतात. त्याच शतकात, १५३४ पासून, साष्टी बेट पोर्तुगीजांकडे होतं. साष्टी म्हणजे आपलं अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड!

जुनी त्तोकबोक्की सोया सॉसमधली, दरबारी. तिखट त्तोकबोक्की जेमतेम सत्तर वर्षांची. १९५३ साली, कोरियन युद्ध थांबलं त्या वर्षी, सोलच्या सिंदांग भागात मा बोक-रिम या बाईंनी ती विकायला सुरुवात केली असं सांगतात. पुढे तांदूळ कमी पडला, अमेरिकी मदतीचा गहू आला आणि तुकडे गव्हाच्या पिठाचे झाले. सरकारच सांगायचं, भात कमी करा, पिठाचं खा. ओळखीचं वाटतंय ना? पी.एल. ४८० चा अमेरिकी गहू आपल्याही रेशनवर होता. १९६५ मध्ये शास्त्रीजींनी तर आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं.

पार्सल घेऊन मुलुंडला घरी आलो. आजी मूळची माणदेशातली. तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसली.

"वरणफळंच की रे. वरण घालायचं विसरलेत."

मग मी तिला हे सगळं सांगितलं. टंचाईतलं खाणं, आज दोनशे रुपये प्लेट! ती गप्प. जरा वेळाने म्हणाली, "मिलो खाल्लाय आम्ही. बहात्तरला."

मिलो म्हणजे दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, रात्री तिची भाकरी. लोक म्हणायचे, तिकडे हे डुकरांना घालतात. ते ऐकूनसुद्धा तीच भाकरी पोरांना वाढायची. त्यातलं एक पोर म्हणजे माझे बाबा. आमच्याकडे नाचणीचीसुद्धा भाकरी का होत नाही, हे मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं.

मी विचारलं, "आजी, रेकॉर्ड करू का?"

"मिलोचं काय रेकॉर्ड करतोस," ती म्हणाली. "सुकडी बरी लागायची. ती लिहून घे."

आणि मग ती वीस मिनिटं सुकडीवर बोलली. ते पुढच्या भागात ऐकवतो.